आवरून ठेवलेली खोली

त्या दिवशी खोली मी आवरली. पाहुणे येणार होते म्हणून आवरली असं सगळ्यांना वाटलं, आणि मी ते वाटू दिलं. खरं असं की पसारा का मांडलाय, कुणी मांडलाय आणि त्यातल्या कोणत्या वस्तूचा काय उपयोग आहे, हे मला पूर्ण माहीत होतं. तरी मी दार लोटलं, बाह्या सरसावल्या आणि एकेक वस्तू जागेवर ठेवत गेलो. चूक हा शब्द त्याला कमी पडतो. पण सुरुवातीला एवढं कबूल केलं म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल.

मी गेवराईत स्पोकन इंग्लिशचे क्लास घेतो. खताच्या दुकानावरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. वीस वर्षं हेच काम. माझ्या हाताखालून गेलेली मुलं पुण्यात आहेत, दुबईत आहेत, एक कॅनडात आहे. माझा स्वतःचा पासपोर्ट मात्र कोरा आहे. एकदा हौसेनं काढला, त्यावर अजून एकही शिक्का नाही.

गेल्या वर्षी छत्रपती संभाजीनगरच्या एका एजन्सीच्या मॅडमचा फोन आला. ही एजन्सी परदेशातल्या हॉटेलांना माणसं पुरवते. लिथुआनियातल्या, म्हणजे युरोपातल्या एका लहान देशातल्या हॉटेलला हाउसकीपिंगसाठी माणसं हवी होती. हाउसकीपिंग म्हणजे पाहुण्यांच्या खोल्या लावणं: चादरी बदलणं, बाथरूम धुणं, सामान जागच्या जागी करणं. मॅडम म्हणाल्या, "सर, तुमच्याकडे जागा आहे, इंग्रजी तुम्ही शिकवा. तिकडची भाषा आणि प्रत्यक्ष काम शिकवायला आमचा माणूस येईल. तुमच्याच भागातला आहे."

"नाव काय?"

त्यांनी नाव सांगितलं. अंकुशराव. माझे साडू.

साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, हे मराठी वाचकाला सांगायला नको. आमची सासुरवाडी तलवाड्याची. मी थोरला जावई, शिकलेला, मास्तर. अंकुशराव धाकटे, उमापूरचे. दहावीत इंग्रजीत दोनदा नापास. तिसऱ्या वेळी मी त्यांना गाइड आणून दिलं होतं, तेव्हा कुठे सुटले. हेच अंकुशराव पुढे कुणाच्या तरी ओळखीनं लिथुआनियाला गेले, तिथल्या हॉटेलात राबले आणि परत आले ते निळं जाड जाकीट घालून. गेवराईच्या उन्हात ते जाकीट ते हातावर टाकून फिरायचे. घालायचे नाहीत, पण दिसलं पाहिजे.

ते आल्यापासून तलवाड्याच्या घरात माझी खुर्ची सरकली. पूर्वी सासरे मला विचारायचे, पेपरात काय आलंय म्हणून. आता सगळे अंकुशरावांभोवती. बर्फ कसा असतो, अंधार किती वाजता पडतो, तिथले लोक काय खातात. एकदा सासऱ्यांनी त्यांचं बोलणं ऐकता ऐकता माझ्याकडे न बघताच तांब्या पुढे केला. मी उठलो आणि पाणी भरून आणलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या मात्र अजून लक्षात आहे.

बॅच सुरू झाली. चार उमेदवार होते. त्यात तलवाड्याजवळच्या वस्तीवरची कांता होती. वडिलांची मेंढरं, स्वतः बीए झालेली, अंगानं काटक, बोलायला धीट. सकाळी माझा तास, दुपारी अंकुशरावांचा.

विषय होता पसाऱ्याचे शब्द. हसू नका, हा या कामातला मोठा विषय आहे. सुपरवायझर फोनवरून खोलीचं वर्णन एका शब्दात करते आणि त्या एका शब्दावर तुम्ही काय सामान घेऊन जायचं ते ठरतं. मी फळ्यावर नीट ओळीत लिहून दिलं. untidy म्हणजे अव्यवस्थित. messy म्हणजे अस्ताव्यस्त. cluttered म्हणजे सामानाची गर्दी झालेलं. crumpled म्हणजे चुरगळलेलं. dishevelled म्हणजे विस्कटलेलं, बहुतेक केसांसाठी. slovenly म्हणजे गबाळा. शब्द बरोबर होते. मुलांनी उतरून घेतले. कांतानं जांभई दाबली.

दुपारी मी माझ्या टेबलाशी पेपर तपासत बसलो आणि पार्टिशनपलीकडून धाडकन आवाज आला. अंकुशरावांनी बॅग जमिनीवर उपडी केली होती.

"हे बघा. याला काय म्हनायचं?"

"पसारा, सर."

"इंग्लिशमधी मेस. लिथुआनियात नेत्वार्का. त्वार्का म्हंजी टापटीप. 'ने' लावला की टापटीप गेली. आन लईच झालं तर बेत्वार्के. आपन बेशिस्त म्हनतो, बेकायदा म्हनतो, तसंच तिकडं बी 'बे' म्हंजी बिगर. आता निजाम तिकडं गेलता का, ते मला माहीत न्हाई!"

हशा. मी पंख्याचा वेग वाढवला. हशा पंख्याच्या वरून येत राहिला.

"आन खोली याच्या बी पुढं गेली, तर रासाबाई म्हनती, योवालास! योवालास म्हंजी डुकरापुढं वततेत ते खरकटं आंबोन. बाईच्या तोंडून योवालास निघालं की समजायचं, आज आपली काय खैर न्हाई."

रासाबाई म्हणजे तिथल्या हॉटेलच्या हाउसकीपिंग मॅनेजर. अंकुशरावांच्या गोष्टींत त्या रोज यायच्या.

मग एक दिवस ते स्वतःचे केस विस्कटून, शर्टाची कॉलर वर करून वर्गात शिरले. "मी कसा दिसतो?"

"येड्यासारखे," कुणीतरी म्हणालं.

"सुसिवेलेस! केसाचा पार गुंता झालेला. वेल्ती म्हंजी लोकर दाबून दाबून घट्ट करायची, त्याच्यावरून आलंय."

"घोंगडी घट्ट करत्यात तसं?" कांता म्हणाली. "मेंढराची लोकर टायमाला कातरली न्हाई तर तिच्या पार जटा व्हत्यात. आमच्या आबाचं डोस्कं बी तसंच हाय."

पुन्हा हशा. आणि कांता तो शब्द नंतर कधीही विसरली नाही. माझ्या dishevelled चं काय झालं, ते विचारू नका.

मी आणखी एक कबूल करतो. अंकुशरावांचं लिहिलेलं इंग्रजी वाईट होतं. फळ्यावर ते room is very mess असं लिहून जायचे. संध्याकाळी सगळे गेले की मी तिथं जाऊन mess च्या पुढे y जोडायचो. पांढऱ्या खडूनं, ठळक. त्यात मला जे सुख मिळायचं ते शिक्षकाचं नव्हतं.

एकदा ते वर्गात म्हणाले, "सरांचं इंग्लिश पुस्तकातलं हाय. लई शुद्ध. तसं तिकडं कोनीच बोलत न्हाई." ते वाईट हेतूनं म्हणाले नव्हते, कौतुकाच्या सुरातच म्हणाले होते. त्यामुळे ते जास्त लागलं.

पण याच माणसानं एका दुपारी जिन्यात चहा पिताना मला खरं सांगितलं होतं. इतरांसमोर त्यांच्या प्रत्येक वाक्यात युरोप असायचा, त्या दिवशी नव्हता.

"साडूभाऊ, तुमाला म्हनून सांगतो. गाद्या उचलून उचलून कंबर गेली माझी. तिकडं सकाळी उठून मोजे घालायला वाकता येत नव्हतं. वंदनानं सांगितलंय, आता परत गेलात तर मी उमापूरला एकटी ऱ्हानार न्हाई."

"मग?"

"एजन्सी म्हनती, रासाबाईला आपलं ट्रेनिंग पसंत पडलं तर दर वर्षी बॅच निघंल. मला इथंच कायमचं ट्रेनर ठिवतील. न्हाई पसंत पडलं तर जुनी नोकरी हायेच. महिन्याच्या आत निघावं लागंल."

"होईल पसंत," मी म्हणालो. तोंडानं म्हणालो.

रासाबाई ट्रेनिंग बघणार होत्या व्हिडिओ कॉलवर. त्याची पद्धत अंकुशरावांनी बसवली होती. मागच्या खोलीत आम्ही घरचा पलंग, गादी, टेबल, खुर्ची, आरसा लावून हॉटेलची खोली उभी केली होती. कॉलच्या दिवशी अंकुशराव तिथं पसारा मांडणार आणि एकेक उमेदवार आत जाऊन, काय दिसतंय, कशाला हात लावणार, कशाला लावणार नाही, हे इंग्रजीत सांगणार.

इथं या धंद्यातली मुख्य गोष्ट सांगायला हवी. घाण आणि पसारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाण हॉटेलची. पसारा पाहुण्याचा. घाण दिसली की काढायची, विचारायचं नाही. पण पाहुणा अजून त्या खोलीत राहत असेल तर त्याच्या पसाऱ्याला मर्यादेनंच हात लावायचा. ओला टॉवेल हॉटेलचा, तो उचलायचा. टेबलावरचे कागद पाहुण्याचे, त्यांच्या कडेनं पुसायचं, एकावर एक रचायचे नाहीत. बॅग अर्धी उघडी असेल तर अर्धीच राहू द्यायची. जाकीट एका बाहीवर लोंबत असेल तर खुर्चीवर नीट घालायचं, पण कपाटात न्यायचं नाही, कारण पाहुण्याला ते ठेवलं तिथं सापडलं पाहिजे. अंकुशराव म्हणायचे, "नेश्वारु दिसलं की हात. नेत्वार्का दिसलं की आदी डोळे." नेश्वारु म्हणजे अस्वच्छ.

हे सगळं मला पाठ होतं. पार्टिशनला कान देऊन मी रोज ऐकत होतो. आणि मी ऐकतोय हे कुणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी माझा दुसरा क्लास चालू असताना अंकुशरावांनी खोली मांडली. मग दारातून डोकावून म्हणाले, "साडूभाऊ, मॅडमला स्टँडवरून घेऊन येतो. पोरं बी खालीच थांबलीत." आणि गेले. खोलीबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांना वाटलं असणार, सांगायचं काय त्यात?

क्लास सुटला. मी मागच्या खोलीत गेलो.

मी बराच वेळ नुसता बघत उभा राहिलो. ते फार चांगलं मांडलं होतं. चांगलं म्हणजे खरं. खुर्चीच्या पाठीवर निळं जाकीट एका बाहीवर लोंबत होतं. बॅगेतून सदऱ्याची बाही बाहेर आली होती. टेबलावर कागद फाकलेले, त्यांच्यावर चष्मा उघडा, काचा वर. कपात चहाचा गाळ. टॉवेल पलंगाच्या पायथ्याशी ओल्या गोळ्यासारखा. एक स्लीपर सरळ, दुसरी पालथी. कुणीतरी घाईघाईनं पाच मिनिटांपूर्वी बाहेर गेलंय असं वाटत होतं. वीस वर्षांत मी इतका चांगला एकही धडा तयार केला नव्हता.

आणि मला ते सहन झालं नाही.

मी जाकीट हँगरला लावून कपाटात ठेवलं. कागद एकावर एक रचले, कडा ठोकून सारख्या केल्या. चष्मा त्याच्या घरात घालून बंद केला. बॅगेची चेन लावली. कप धुऊन पालथा घातला, ओला टॉवेल उचलून कोरडा घडी करून ठेवला, स्लीपर जोडीनं लावल्या. चादर झटकली, तेव्हा उशीखालून काहीतरी टपकन खाली पडलं. कानातलं होतं. बाजारात मिळतं तसलं, लाल मण्याचं, एकच. हा डाव त्यांनी वर्गात कधी सांगितलेला नव्हता. चादर उचलण्याआधी उशीखाली हात फिरवायचा असतो, नाहीतर पाहुण्याची वस्तू धुण्यात जाते. उमेदवारांची ऐन वेळी परीक्षा घ्यायला त्यांनी ते ठेवलं असणार. मला तेव्हाही त्यांची अक्कल कळली आणि तेव्हाही राग आला. मी कानातलं माझ्या टेबलाच्या खणात टाकलं.

शोभा, माझी बायको, चहाचा ट्रे घेऊन आली. खोली बघून म्हणाली, "बरं झालं आवरलंत. मी म्हणणारच होते, पाहुणे यायच्या टायमाला हे काय पसरून ठेवलंय दाजींनी."

आपल्याकडे असंच असतं. कुणी येणार म्हटलं की आधी घर आवरायचं. आवरणाऱ्याला कुणी कधी जाब विचारत नाही. हे मी धरूनच चाललो होतो.

हायवेवर ट्रकांची रांग लागली होती म्हणून मंडळी उशिरा आली. मॅडम जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, "वा, किती नीटनेटकं ठेवलंय सर!" त्यांच्यामागून अंकुशराव आत आले आणि दारातच थांबले. त्यांचा चेहरा मी बघितला. तेवढाच मला बघायचा नव्हता.

"हे... हे कुनी आवरलं?"

"ह्यांनी," शोभा कौतुकानं म्हणाली. "सकाळपासून राबतायत."

तेवढ्यात मॅडमच्या फोनवर रासाबाई आल्या. गोऱ्या, करड्या केसांच्या, गंभीर. अंकुशरावांनी धावत जाऊन कपाटातून जाकीट काढलं आणि खुर्चीवर फेकलं, ते घसरून खाली पडलं. टॉवेल पलंगावर टाकला, तो कोरडा होता. कागद विसकटले. फोनचा कॅमेरा त्यांच्याकडेच होता.

"अंकुश," रासाबाई इंग्रजीत म्हणाल्या, "तू पसारा का करतो आहेस?"

"ट्रेनिंग, मॅडम. फॉर ट्रेनिंग."

"पाहुणा असा पसारा करत नाही. थांब. आहे तसं राहू दे. मुलीला पाठव."

कांता आत आली. रोज सराव केलेली खोली समोर नव्हतीच. अर्धी आवरलेली, अर्धी उगाच विसकटलेली अशी काहीतरी खोली होती. ती एकदा अंकुशरावांकडे बघायची, एकदा माझ्याकडे.

"What do you see?"

"Room is good, ma'am. Very tidy."

"And what will you do here?"

"Nothing, ma'am."

रासाबाई म्हणाल्या, मग मी नक्की काय बघायला आले आहे? बाकीच्या तिघांची बोबडी वळली. कॉल लवकर संपला.

मॅडम निघताना म्हणाल्या, "अंकुश, त्यांना वाटलं आपण नाटक करतोय. आता अवघड आहे." अंकुशराव जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "जाऊ द्या साडूभाऊ, तुमाला काय माहीत. मीच सांगायला पायजे व्हतं. चूक माझी हाय."

मी मान हलवली. तेवढंच केलं.

पुढचे दिवस वाईट गेले. पार्टिशनपलीकडे शांतता होती. पंखा मी बंद ठेवला तरी तिकडून काही येत नव्हतं. मला हेच हवं होतं ना? ती शांतता मला ऐकवेना. वंदना, अंकुशरावांची बायको, आमच्याकडे आली, स्वयंपाकघरात शोभाजवळ बसली. मी बाहेरच्या खोलीत होतो.

"आक्का, तिकीट काढायचं म्हनतेत. रात्री कमरेला शेक देते मी, तर वळता बी येईना त्यांना. आन तिकडं जाऊन गाद्या उचलनार."

शोभा म्हणाली, "ह्यांनी आवरलं नसतं तर कदाचित..."

"दाजींचा काय दोष, आक्का? पाव्हने येनार म्हनल्यावर कोन बी आवरनारच."

त्या दोघी मला वाचवत होत्या. मी पेपरमागे तोंड लपवलं.

मग कांता आली. क्लासमध्ये नाही, थेट टेबलापाशी. हातात वही नव्हती, काही नव्हतं.

"सर, एक विचारू का?"

"विचार."

"खोली आवरलेली व्हती, मी आवरलेली म्हनाले. यात माझं काय चुकलं? आमच्या घरी सगळे म्हनतेत, तुलाच बोलता आलं न्हाई. मी लई इचार केला. खोटं बोलायला पायजे व्हतं का मी?"

"नाही," मी म्हणालो. "तुझं काही चुकलं नाही."

"मंग कावून झालं असं?"

मला उत्तर माहीत होतं. ती गेल्यावर मी दार लावून मॅडमना फोन केला.

"मॅडम, त्या दिवशीचं जरा बोलायचं होतं. ती खोली मी आवरली होती."

"माहिती आहे सर. तुमच्या मिसेस म्हणाल्या."

"तसं नाही. मला माहीत होतं ती कशासाठी मांडलीय. मी मुद्दाम आवरली."



"मुद्दाम? का पण, सर?"

वीस वर्षं मी मुलांना सांगतो, मुलाखतीत उत्तर लहान आणि स्पष्ट द्या. "अंकुशरावांवर जळत होतो," मी म्हणालो.

"हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं तुम्ही."

"हो."

"चार जणांच्या नोकरीचा प्रश्न होता सर. आणि त्यांच्या."

"हो."

त्यांनी सुस्कारा टाकला. "मी रासाशी बोलते. ऐकतील की नाही सांगता येत नाही. आणि हे अंकुशला मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं. अजून एक, ही बॅच आता तुमच्या सेंटरवर राहणार नाही."

"बरोबर आहे," मी म्हणालो. ते खरंच बरोबर होतं.

रासाबाईंनी ऐकलं. आमच्या जागेत काहीतरी गैरसमज झाला होता, एवढंच मॅडमनी सगळ्यांना सांगितलं. दुसरा कॉल बीडला, एजन्सीनं घेतलेल्या एका हॉलवर झाला. मी तिथं नव्हतो. नंतर कळलं, की कांतानं खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या हात पाठीमागे बांधले आणि आधी नुसतं बघितलं. मग घाण कोणती आणि पसारा कोणता, ते एकेक करून सांगितलं. रासाबाई म्हणे पहिल्यांदा हसल्या. चारपैकी तिघांची निवड झाली, कांता त्यात पहिली. आणि अंकुशराव बीडच्या सेंटरचे ट्रेनर झाले, कायमचे. मला ते कळलं तेव्हा आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. आधी सुटल्यासारखं वाटलं, मग जुनी कळ आली, मग स्वतःची लाज. या क्रमानं.

या सगळ्यातून काही शिकायचंच असेल तर ते अंकुशराव आधीच शिकवत होते: पसारा दिसला की आवरायला धावू नये, तो कोणाचा आहे ते आधी बघावं. मी ते पार्टिशनपलीकडून ऐकलं होतं आणि पाठही केलं होतं. त्याचा माझ्यावर काहीच परिणाम झाला नव्हता.

सांगायचं राहिलंच होतं. रोज ठरवायचो, रोज पुढे ढकलायचो. शेवटी तेच आले. पेढ्यांचा पुडा घेऊन, जाकीट हातावर टाकून. मागच्या खोलीतला पलंग अजून तिथंच होता.

"साडूभाऊ! तोंड उघडा." एक पेढा त्यांनी माझ्या तोंडात कोंबलाच. "मॅडम म्हनल्या, तुमचा फोन आलता म्हनून दुसरी संधी भेटली. काय सांगितलं, ते काय बोलल्या न्हाईत. पर तुमी माझ्यासाठी शब्द टाकला. दहावीला गाइड बी तुमीच दिलतं. मी इसरलो न्हाई ते."

पेढा तोंडात तसाच राहिला. इंग्रजी सॉरी ओठांवर आला होता. दिवसातून पन्नास वेळा मी तो शब्द वर्गात मुलांकडून म्हणवून घेतो, त्याला आता काही चव राहिलेली नाही. मी तो पेढ्याबरोबर गिळला.

"या इकडे," मी म्हणालो आणि त्यांच्या हातावरचं जाकीट घेतलं.

मागच्या खोलीत जाऊन मी ते खुर्चीच्या पाठीवर टाकलं. एका बाहीवर.

"काय साडूभाऊ, आता तुमी बी हाउसकीपिंग करनार का काय?" ते हसले.

मी टॉवेल नळाखाली भिजवून आणला, पिळला आणि पलंगाच्या पायथ्याशी गोळा करून ठेवला. टेबलावर कागद फाकवले. त्यांच्यावर माझा चष्मा ठेवला, उघडा, काचा वर. स्लीपरांपैकी एक सरळ, दुसरी पालथी केली. मला काही आठवावं लागत नव्हतं. ज्याचा हेवा वाटतो, त्याच्याकडे माणूस फार नीट बघतो.

अंकुशरावांचं हसू कमी होत गेलं. ते एकदा खुर्चीकडे बघत होते, एकदा टेबलाकडे. "तवा अगदी असंच मांडलं व्हतं मी," ते हळू म्हणाले.

मग मी माझ्या टेबलाचा खण उघडला, लाल मण्याचं कानातलं काढलं आणि आणून उशीखाली ठेवलं. चादरीची घडी वरून सारखी केली.

हे तर त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

ते पलंगापाशी आले. उशी उचलली. कानातलं हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत प्रश्न उरलेला नव्हता.

"अंकुशराव," मी म्हणालो, "तुम्ही खोली कशासाठी मांडली होती, मला माहीत होतं. तुमचा प्रत्येक तास मी पलीकडून ऐकलाय. पाहुणे येणार म्हणून मी आवरलं नाही. तुमच्या वर्गात पोरं हसायची, माझ्या वर्गात नाही, म्हणून आवरलं. तुम्ही चूक स्वतःवर घेतलीत तेव्हाही मी गप्प बसलो. वंदनाला मी हेच सांगणार आहे, कांताच्या घरी जाऊनही सांगणार आहे. पण आधी तुम्हाला. माझं चुकलं. मला माफ करा."